तुझं ‘आड’, माझं ‘मागं’

वहिनी, तुला जाऊन आता इतके दिवस झाले की घरातली माणसं पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलायला लागली आहेत. रजा संपली तसे भावोजी मुंबईला गेले. तुझी लेक पाचाडला सासरी परतली. घरात उरलो मी, माझा पोरगा अंत्या आणि तू मागे ठेवून गेलेला कुत्रा. तिघंही गोठ्याच्या दाराकडे बघायचं टाळतो. गुरं सध्या पडवीत बांधते. गोठा धुतला, सारवला, धुरी दिली, तरी पाय आत जात नाही.

तुझ्याशी बोलायचं राहिलंय. भांडायचंही राहिलंय. घरात तसं भांडायला दुसरं कोणी नाही, म्हणून हे लिहायला बसले.

महाडच्या बाजारपेठेतल्या घरातून मी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या या वाडीत आले, तेव्हा तू माझी थोरली जाऊ म्हणून मी तुला ‘अहो-जाहो’ करत होते. दोन दिवस तू ऐकून घेतलंस. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं म्हणालीस, “तुमी तुमी नको करू गो शालू. दारात तलाठी आल्यासारका वाटतंय.” तेव्हापासून तू झालीस ती शेवटपर्यंत तूच राहिलीस.

वाडीतली झाडून सगळी कर्ती माणसं मुंबईला. आपले दोघेही त्यातलेच. मागे राहायच्या बायका, पोरं, म्हातारे आणि गुरं. डुक्कर नाचणीत शिरलं, गाय रानात व्याली, कोणी कड्याच्या अंगाला पाय मोडून पडलं, तर धावायला माणूस नाही. ती कामं तू कुत्र्यांना शिकवलीस. मला आधी ते खूळ वाटलं होतं. महाडात कुत्रा म्हणजे खाटकाच्या दुकानापुढं बसतो तो.

तुझी पिल्लू निवडायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती तांबीच्या वेळी. पाच पिल्लांवर तू एकेक करून टोपली पालथी घातलीस. चार किंचाळली, टोपली उलथायला लागली. पाचवी तांबड्या रंगाची कुत्री आत गप बसून राहिली. टोपली उचललीस तेव्हा ती तुझ्या तोंडाकडे बघत होती. “ही इचार करते,” म्हणालीस आणि तिला ओटीत घातलीस. मग पावसाळाभर ती म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्याशी एका दोरीनं बांधलेली. तो वळला की ही वळायची, तो बसला की हिला बसावं लागायचं. तू काही बोलायची नाहीस. म्हातारा जे करी तेच तिचं पुस्तक.

शब्द तू थोडेच ठेवलेस. ‘बस’. ‘वळ’ म्हटलं की गुरं वळवून आणायची. ‘घर’ म्हटलं की जिथं असेल तिथून घरी यायचं आणि माणूस घेऊन परत फिरायचं. त्यासाठी तू लुगड्याची चिंधी तिच्या गळ्यात अडकवायचीस. चिंधी घेऊन कुत्री आली म्हणजे रानात कोणीतरी अडलंय, हे वाडीतल्या पोराला पण ठाऊक. अंत्याच्या वेळी दिवस भरत आले असताना मी रानात भाताच्या राबासाठी जाळायचा पाला आणायला गेले आणि तिथंच कळा सुरू झाल्या. मी पदर फाडून तांबीच्या गळ्यात बांधला आणि कसंबसं ‘घर’ म्हटलं. ती माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता गेली. मला वाटलं, सोडून गेली. मग करवंदीच्या जाळीपलीकडून तुझा आवाज आला, “आले गो, आले.” अंत्या त्या पाल्यावरच जन्मला. तुझ्या हातात.

आणि चौथा शब्द, ‘आड’. त्यावरूनच आपलं भांडण.

‘आड’ म्हटलं की कुत्र्यानं माणूस किंवा गाय-वासरू आणि समोरचं जनावर यांच्या मधे जाऊन उभं राहायचं. समोर डुक्कर असो, बिबट्या असो, हलायचं नाही. गळ्याला तू लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून घेतला होतास, कारण बिबट्या कुत्र्याचा गळा धरतो. हे सगळं शिकवताना मी एकदाच विचारलं, “आड उभी राहिली, मग परत बोलवायचा शब्द कोणता?”

“परत कशाला बोलवायची?”

“जनावर मोठं असलं तर? मरेल ना ती.”

तू भाकरीचा तुकडा मोडत होतीस, तो तसाच हातात राहिला. “मागं फिराया शिकवलं का तिला भ्यायाला शिकवलं. मंग आड हुबी ऱ्हाताना बी ती मागल्या हाकंची वाट बघल. असला कुत्रा काय कामाचा?”

“जिवंत राहील तो.”

“आनि आपला पोर?”

मला ते पटलं नव्हतं. तुलाही ते कळलं होतं. त्यानंतर कितीदा तरी तोच विषय निघाला. भात सडताना, शेणी थापताना, कधी नुसतंच तांबी दोघींच्या मधे येऊन बसली म्हणून. दोघींपैकी कोणी हटलं नाही.

होळी होऊन गेली होती. सकाळचं ऊन नुकतं अंगणात आलेलं. तू शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर येत होतीस, मी पडवीत दळण आटपत होते. अंत्या खळ्यात करवंट्या मांडून बसला होता. कोल्हा वाटेनं चालत आला. चालत, हे मला आता पुन्हा पुन्हा दिसतं. पळत नाही, लपत नाही. आपल्याच घरी निघालेल्या माणसासारखा मान खाली घालून, तोंड उघडं, लाळेची तार लोंबलेली. तो सरळ पोराकडे जात होता.

मला उठता आलं नाही. जात्याचा खुंटा माझ्या हातातून सुटेना. तू पाटी टाकलीस आणि न ओरडता, नेहमीच्या आवाजात म्हणालीस, “तांबी, आड.”

ती गेली. तू शिकवली होतीस अगदी तशी गेली. मधे उभी राहिली, आणि तो थांबला नाही म्हणून तिनं त्याला धरला. दोघांची गुंडाळी झाली, मग कोल्हा सुटला आणि वाटेला लागला. तसाच, चालत. पऱ्ह्याच्या ओहोळापलीकडच्या धोंडूकाकांनी ठासणीच्या बंदुकीनं त्याला आंब्याखाली पाडला.

तांबीच्या नाकपुडीवर एक ओरखडा होता. नखाएवढा.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. आमच्या नि त्यांच्या घराची भिंत एकच होती. भिंतीतून जे ऐकलं ते मी तुला त्या दिवशी सांगितलं. धोंडूकाका बंदूक घेऊन उभेच होते. म्हणाले, “भागे, शालू म्हनते ते खरं हाय. आत्ताच काय ते करू.”

तू अंत्याला कडेवर घेतलं होतंस. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “तू सांग. हिनं तुजा पोर वाचवला. सांग, मारा म्हनून.”

ते माझ्या तोंडातून निघालं नाही. कोणाच्या निघालं असतं? काका बंदूक खांद्याला लावून गेले.

तू तिला बांधून ठेवलीस, एवढं ऐकलंस. हळद भरलीस, राख भरलीस. ओरखडा भरून आला, वर तांबडे केसही उगवले. ती खात होती, पीत होती, तुला बघून शेपटी हलवत होती. आठवड्यांमागून आठवडे गेले. वाडी विसरली. गुरं वळायला माणूस मिळेना तेव्हा तू दोरी सोडलीस. मी म्हटलं, “अजून थोडे दिवस.” तू म्हणालीस, “बग तिच्याकडं.” मी बघितलं. ती तांबीच होती, पहिल्यासारखी.

ऊन सर्वांत कडक होतं त्या दिवसांत एका दुपारी आपण दोघी आत होतो. बाहेर कुत्रं भुंकलं. तू मुसळ थांबवलंस. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, पण तुझा चेहरा मी बघत होते.

“ही तांबी नाय,” तू म्हणालीस.

आवाज घोगरा होता, शेवटी चिरत जाणारा. आपण दारात आलो. तांबी अंगणातली माती खात होती. तू भाकरी दाखवलीस, ती भाकरीकडे न बघता तुझ्यामागे कोणी उभं असल्यासारखी बघत राहिली. धोंडूकाका सकाळीच पोलादपूरला गेलेले. पोरं ओढ्याकडून परत यायची वेळ. मी कोयता घेतला. तू माझा हात धरलास आणि दोरी घेतलीस.

“बस,” तू म्हणालीस.

आणि ती बसली. वहिनी, ते मी कसं विसरू? सगळं अंग कापत होतं, जबडा लोंबत होता, तुला ती ओळखत होती की नाही देव जाणे, पण तुझा शब्द तिनं ओळखला. ती बसली आणि तू तिच्या गळ्यात दोरी टाकलीस. पेरूच्या झाडाला गाठ मारत होतीस तेव्हा तिनं तुझ्या हाताला दात लावले. तू हात झटकला नाहीस. आधी गाठ पक्की केलीस.

काका परत येईपर्यंत तू पडवीत पाठ करून बसलीस. बार झाला तेव्हा तुझे खांदे हलले. मग हात पुढं करून म्हणालीस, “चल, तुज्या म्हायेरी. जी काय सुई घ्यायची ती घिऊ.”

त्याच दिवशी आपण महाडला गेलो. रोज पोटात एक सुई. पोट टणक झालं, तुला कुशीवर वळता येईना. तरी तू आमच्या आईशी गप्पा मारायचीस, संध्याकाळी बाहेर बसून बाजार बघायचीस. दवाखान्यात बजावलं होतं, एकही चुकवू नका. मला अंत्यासाठी वाडीवर परतावं लागलं. आई तुझ्याजवळ होती. आणि मग एका सकाळी मी बघते तर तू गाठोडं डोक्यावर घेऊन वाट चढत येत होतीस.

“संपल्या?” मी विचारलं.

“हाताला बरं वाटतंय.”

“सुया संपल्या का, वहिनी?”

“थोड्या ऱ्हाल्या. पेरा कोन करील? तू? तुला भाताचा आनि तणाचा रोप वळखाया येतो का?”

मी तुला इतकं बोलले, इतकं बोलले की धोंडूकाका पऱ्ह्यापलीकडून बघायला आले. मी तुझं गाठोडं उचलून परत वाटेला लागले. तू मागे आली नाहीस. खाली वळणापर्यंत जाऊन मी तशीच गाठोडं घेऊन परत आले. तू बियाणं पाखडत बसली होतीस. रडावं की तुला ढकलत न्यावं हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही मी चल म्हटलं. मग पाऊस लागला, ओढे भरले, वाट बंद झाली.

तो पावसाळा कसा काढला ते वाडीला सांगून कळणार नाही. लावणीला सगळ्याजणी गात होत्या, तू सुद्धा. मी मात्र तुझ्या हाताकडे बघायचे. जखम केव्हाच बुजली होती. पण चिखलात रोप खोचताना मधेच तू तो हात दुसऱ्या हातानं चोळायचीस, मुंग्या आल्यासारखा. “पाण्यानं व्हतंय,” म्हणायचीस. मी तुला विचारलेलंही नसायचं. दुपारी भाकरी सोडली की तू तांब्या उचलायचीस आणि माझा घास हातात थांबायचा. तू पाणी प्यालीस की मी जेवायचे.

एकदा तू तांब्या खाली ठेवलास आणि बायका ऐकणार नाहीत अशा बेतानं म्हणालीस, “मी पानी पिताना तू बगतेस.”

मी घास तोंडात घातला.

“मी बी तांबीला तशीच बगत व्हते,” म्हणालीस, आणि चिखलात उतरलीस.

त्याच दिवसांत तू धोंडूकाकांकडून काळसर पिल्लू आणलंस. टोपली घातली नाहीस, निवड केली नाहीस. एकच होतं, ते घेतलंस. त्याला तू हात लावायची नाहीस. भाकरी माझ्या हातून, दोरी माझ्या हातात, शब्दही माझ्या तोंडून. तू बांधावर बसून सांगायचीस, “पुना म्हन. आवाज चढवू नको. तो बसंल तवाच भाकरी.” जे तांबीला तू वर्षभर शिकवलं होतंस ते याला एका पावसाळ्यात शिकवायला निघालीस. मी म्हटलं, “एवढी घाई कसली? लहान आहे अजून.” तू ऐकलं न ऐकलंसं केलंस. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणालीस, “तूच ठेव. हाक तुला मारायची हाय.”

मी सावळ्या ठेवलं. त्या दिवशी रात्रभर मला झोप आली नाही. तुला आली असेल का?

श्रावण उतरत होता. सकाळी तू चुलीशी बसली होतीस. दारातून वारा आला, नुसती झुळूक, आणि तुझा गळा एकदम आवळल्यासारखा झाला. तू म्हणालीस, “दार लाव गो.” मी लावलं. मग तू स्वतःच तांब्या उचललास. माझ्याकडे बघत उचललास. तो ओठांपर्यंत गेला नाही. हात मधेच वाकडा झाला, पाणी चुलीवर सांडलं, वाफ झाली. आपण दोघी त्या वाफेकडे बघत राहिलो.

“अंत्याला धोंडूकाकांकडं न्हेऊन सोड,” तू म्हणालीस. “आनि गुरं भाईर काड.”

मी पोराला सोडून आले तोवर तू गोठ्यात गेली होतीस. आपण होऊन. आतून म्हणालीस, “कडी लाव.” मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, “शालू. लाव.” तांबीला सांगायचीस तोच आवाज. मी लावली.

काकांनी डोली बांधायची तयारी केली, माणसं जमवली. तू आतून नको म्हणालीस. “उचलनाऱ्याला माजा दात लागला तर? त्याच्या बी घरी पोरं हायत.” भावोजींना तार करायला एकजण पोलादपूरला धावला. मी गोठ्याच्या कारवीच्या कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसले. तूही आतून तिथंच टेकली होतीस, कूड मधे मधे हलायचा. जेव्हा जेव्हा तुला बरं वाटायचं तेव्हा तू बोलायचीस. पिल्लू जेवलं का. खालच्या खाचरात पाणी फार साठू देऊ नको. लेकीला इकडं येऊ देऊ नको. एकदा तू म्हणालीस, “म्हाडाला राहाया पायजे व्हता.” मला वाटलं होतं की हे ऐकलं तर मला बरं वाटेल. नाही वाटलं. मग मी म्हटलं, “भात चांगलं आलंय, वहिनी.” तू हसलीस बहुतेक. त्यानंतरचं मी लिहीत नाही. लहानपणी भिंतीतून ऐकलं होतं, आता कुडातून ऐकलं.

भावोजी आले तेव्हा कूड हलायचा थांबला होता.

तुझे दिवस झाले आणि वाडीत बैठक बसली. सगळी कुत्री मारायची असं ठरलं. त्यांना मी दोष देत नाही, ते गोठ्यातले आवाज सगळ्या वाडीनं ऐकले होते. माणसं काठ्या घेऊन आपल्या अंगणात आली तेव्हा मी सावळ्याला पायाशी धरून उभी होते. बोलले ते भावोजी. आल्यापासून ते कोणाशी धड बोलले नव्हते. ते म्हणाले, “ह्यो ऱ्हाऊ दे. तांबी मेल्यावर आणलाय. भागीच्या हाताखालचा हाय.” आणि ते ओट्यावर बसले. माणसं थोडा वेळ थांबली आणि गेली. त्या दिवसानंतर वाडीत सावळ्या एकटाच कुत्रा आहे. संध्याकाळ झाली की कुठूनच भुंकणं ऐकू येत नाही. माणसं दारं लवकर लावतात. ओढ्याच्या वाळूत बिबट्याचे माग दिसायला लागलेत, रोज थोडे वर.

मी सावळ्याला तुझे सगळे शब्द शिकवले, आणि तू नको म्हणालीस तोही शिकवला. ‘मागं’. आड उभा राहिला की ‘मागं’ म्हणायचं, तो आला की भाकरी. दोन दिवसांत शिकला.

परवा तिन्हीसांजेला गुरं उतरवताना करवंदीच्या जाळीशी कपिला गायीचं वासरू मागं राहिलं. सावळ्या जाळीकडे बघून थरथरायला लागला. मी ‘आड’ म्हटलं. तो गेला, वासराच्या पुढं उभा राहिला. एवढासा, अजून अंग भरलं नाही त्याचं, गळ्यात तांबीचा सैल पट्टा. जाळीतून गुरगुर आली, फार मोठी नाही, अगदी जवळची. आणि मला अंगणातला तो ओरखडा दिसला, चुलीवरची वाफ दिसली. मी ‘मागं’ म्हटलं.

तो लगेच फिरला. धावत माझ्या पायांशी आला. तो पोचण्याआधीच वासरू जाळीत ओढलं गेलं होतं.

धोंडूकाकांना सांगितलं. म्हणाले, “कुत्रा ऱ्हायला ना?” मग म्हणाले, “वासराच्या जागी पोर असता तर?”

आज सकाळी गुरं सोडली. कपिला इतर गुरांबरोबर गेली नाही. ती सरळ करवंदीच्या जाळीशी जाऊन उभी राहिली, मान आत घालून हंबरायला लागली. मी हाका मारल्या, ती हलेना. जाळीच्या आतला पाला एका बाजूला हलत होता, आणि वारा नव्हता. अंत्या माझं लुगडं धरून उभा होता. सावळ्या दोन पावलं पुढं जाऊन थांबला आणि वळून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. तो शब्दाची वाट बघत होता, वहिनी, आणि दोन्ही शब्द माझ्या तोंडात होते.